डाव्या बाजूचा बिघाड

३ ऑगस्ट २०२५, रविवार
धवलकडून हरलो. मुलगा पुण्यात नोकरीला. रविवारी तो तिथे, मी इथे सावेडीत, दोघं डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून टेबल टेनिस खेळतो. आज चेंडू जवळ आलाय की लांब आहे, कळेचना. सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं चपटं. हरण्याचं कारण तेवढंच. किरकोळ बिघाड. उद्या काढतो.

४ ऑगस्ट
भिंगं पुसली. रीस्टार्ट केलं. भिंगांमधलं अंतर कमी केलं, वाढवलं. अपडेट टाकलं. फरक नाही. चहा बशीत ओतताना टेबलावर सांडला. इंदू म्हणाली, अहो, लक्ष कुठेय? लक्ष सेटिंग्जमध्ये होतं.

६ ऑगस्ट, सकाळी
निदान झालं! हेडसेट घालून डावा डोळा मिटला, चित्र जसंच्या तसं. उजवा मिटला, तर नुसता धुरकटपणा आणि वरून काळा पडदा. अर्थात डावा स्क्रीन गेला. इंजिनीअर व्हायचं राहून गेलं, नाहीतर. कंपनीला कडक मेल टाकला.

१० ऑगस्ट, रविवार
पुन्हा हरलो. धवल म्हणाला, बाबा, हेडसेट उलटा धरून बघा, म्हणजे उजवा स्क्रीन डाव्या डोळ्यासमोर येईल. म्हटलं, महागाच्या वस्तू उलट्या धरत नसतात.
नंतर धरून पाहिला. डाव्या डोळ्यापुढे तरीही अंधार. म्हणजे बिघाड पसरतोय. कंपनीला हेही कळवलं.

१३ ऑगस्ट
स्कूटर कोपऱ्यावरच्या छबूबाईच्या भाजीत गेली. टोमॅटो रस्ताभर. ती ओरडली, "आवं सायेब, येवढी पाटी दिसंना व्हय तुमाला?" पाटी फारच डावीकडे ठेवली होती. हे इथे का लिहिलं, माहीत नाही. हेडसेटशी काही संबंध नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
धवल आलाय. त्याने हेडसेट घातला, हवेत हात फिरवला. म्हणाला, चांगला चालतोय की. मग इंदूने घातला. चेंडू नाकावर येतोय म्हणून ती दचकून मागे सरकली. दोघांनाही चेंडू जवळ की लांब ते कळतं. त्यांना बिघाड ओळखता येत नाही.
धवलने माझा उजवा डोळा तळहाताने झाकला. हेडसेट नव्हता. विचारलं, आई कुठेय? म्हटलं, स्वयंपाकघरात असेल.
ती समोरच उभी होती. मग जेवलो.

१८ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. आधीच यायला हवं होतं. ऑपरेशन करू, नजर किती परत येईल सांगता येत नाही. कधीपासून दिसत नाही, विचारलं. म्हटलं, हेडसेट बिघडल्यापासून. इंदू खिडकीबाहेर बघत होती.

३१ ऑगस्ट, रविवार
ऑपरेशन झालं. दिवसभर पालथं पडून राहायचं. हेडसेट बंद. खेळायच्या वेळेला धवलचा फोन आला. जेवलात? हो. ड्रॉप्स घातले? हो. पाऊस? नाही. मग तिकडे तो, इकडे मी, फोन कानाला लावून. त्याच्याकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळाने म्हणाला, ठेवतो बाबा.
इंदूने विचारलं, काय म्हणत होता?
म्हटलं, बरंच बोललो.