सासूबाई, सेवेरिनाबाई आणि सात नंबरचा गिनीपिग

तीर्थरूप एर्मेलिंदा मावशी,

हुआंकायोहून तेओदुलोचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे, हे मुद्दाम लिहितो, कारण परवा बाजारात मी फार दिवसांचा सोबती नसल्याचं जाहीर झालंय आणि शनिवारी चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना आहे. (मलाही बोलावलंय.)

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांना बैलाच्या मज्जारज्जूतल्या पेशी टोचतात. मग त्यांच्या अंगातली संरक्षक फौजच चवताळून त्यांच्या स्वतःच्या नसा पोखरते आणि मागचे पाय लुळे पडतात. माणसातला असा आजार समजावा म्हणून हा खटाटोप. टोचायचं काम माझं. रविवारी सूप वाढताना माझा हात थरथरला (सकाळी गिनीपिगांच्या चाऱ्याचे, लसूणघासाचे गठ्ठे उचलले होते), आणि आग्रिपिना सासूबाईंनी ठरवलं, जावयाला गिनीपिगांचा रोग लागला. हा लागट नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जे कुणाला लागत नाही, ते नेमकं तुलाच लागतं."

सोमवारी त्या सेवेरिना वैदूबाईंना घेऊन थेट प्रयोगशाळेत. माझ्या अंगावरून फिरवून, मग चिरून रोग ओळखायला बाईंना काळा गिनीपिग हवा होता. त्यांनी सात नंबरच्या पिंजऱ्यातला उचलला, गरीब दिसतो म्हणून. (गरीब कसला, चाळीस दिवसांचा आजारी.) मला उघडा करून वजनाच्या टेबलावर निजवलं. गिनीपिग पाठीपर्यंत आला आणि गतप्राण झाला, तोच आमचे साहेब, प्राध्यापक साल्दिवार, दारात उभे.

बाईंनी साहेबांच्याच चाकूने तो चिरला नि म्हणाल्या, "पोट साफ. पण कण्यात याचंच रक्त याला खातंय."

सासूबाई रडू लागल्या. साहेबांनी समजावलं, की रोग जनावराचा आहे, टोचलेला आहे.

"टोचला कुणी?" बाईंनी विचारलं.

"मी," मी टेबलावरून म्हणालो.

"बघा, यानेच दिला. म्हणजे याच्याकडे होता."

माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. पण साहेबांनी फक्त दार लावून घेतलं आणि बाईंना बसायला स्टूल दिलं.

आपला,
तेओदुलो

ता. क. तुम्ही स्वयंपाकघरात पाळलेल्या गिनीपिगांतला एक काळा, धट्टाकट्टा नर गुरुवारच्या बसने पाठवा. जिवंत. (मागच्या खेपेला भाजून, बटाट्यांसकट आला. चव उत्तम होती, पण प्रयोगाला चालला नाही.)

पुन्हा ता. क. हा प्रयोगासाठी नाही, हे माझ्या आईला सांगू नका. दोन महिने साहेबांचा डावा पाय ओढतोय. कुणाला बोलले नाहीत. आज त्यांनी हळूच विचारलं, टेबल फार गार लागतं का. मी घोंगडी अंथरून ठेवली आहे.