दाराला चिकटलेली लेबलं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर अजून महिनाभर आहे. गुंड्या दोन वर्षांचा होत आला, तरी एक शब्द बोलत नाही. बोट दाखवतो आणि ओरडतो. पोरगं जिन्याकडे धावतं, मला मागे पळता येत नाही, म्हणून हे कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. आम्ही मायलेक दिवसभर बंद बरणीत! त्यात सासूबाईंचं फर्मान: महिनाअखेर येते, तोवर पोर बोललं नाही तर माझ्याकडे घेऊन जाते, तिथे निदान माणसं आहेत. यावर हे गप्प. गुंड्या कोणावर गेलाय ते कळलंच.

औषधाच्या दुकानातली सवय, लंगडत लंगडत घरभर लेबलं लावली: खुर्ची, कपाट, दार. दिवसभर विचारते, हे काय, ते काय. तो बघतो, जणू मलाच काही येत नाही.

काहीतरी सुचव. लोभ आटू देऊ नकोस. सध्या मला उत्तर देणारी तू एकटीच.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

धन्य आहेस! लेबल लावलं की दुकानातलं काम संपतं, कारण बरणीला बोलायचं नसतं. पोराला वाचता येत नाही, हे कोणी सांगितलं नाही का तुला? आणि ते ‘हे काय’ आधी बंद कर. तू आई आहेस, फौजदार नव्हेस.

लेबलं त्याच्याच हातात दे. तो जिथे चिकटवेल त्याचं नाव घे आणि तोंड मिटून थांब. थांबणं तुला जड जाईल. लहानपणी माझी वाक्यंसुद्धा तूच पुरी करायचीस.

नवऱ्याला सांग, कोंडून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. नाहीतर मी सांगते, माझ्यापुढे त्याची बोलती बंदच असते.

तुझ्या पायात जीव अडकलेली,
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुंड्यानं लेबलं चमच्याला लावली, उशीला लावली, माझ्या नाकाला लावली. मी नाव घ्यायची आणि गप्प बसायची. जीव गेला माझा. मग त्याला एकच जागा आवडायला लागली. सगळी लेबलं दारावर! दार, दार म्हणून मी थकले. शेवटी त्याचा हात कडीवर ठेवला, म्हटलं, उघड. दोघांनी मिळून ओढली. दार कसलं हलतंय! पण रोज तोच खेळ.

काल संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. गुंड्या दाराला गाल लावून उभा राहिला आणि खणखणीत बोलला: उघड. बाहेर किल्ली कुलपातच थांबली. हे आईला घेऊन आले होते आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून तसेच उभे! तो पुन्हा म्हणाला. मग रडकुंडीला येऊन पुन्हा. मी आतून ओरडले, की कौतुक पुरे. किल्ली सासूबाईंनी हिसकावली म्हणे. आत येऊन नातवाला उचलायच्या आधी त्यांनी लेकाला विचारलं, हिला असं रोज कोंडतोस?

गुंड्या इथेच राहतोय. कुलूप गेलं. त्याच्या जागी आता सासूबाई आहेत, दाराशीच खुर्ची टाकून. पोराचे कपडे न्यायला आणलेल्या पिशवीत त्यांचं विणकाम आहे.

आज दुपारी त्यांचा डोळा लागला. गुंड्यानं उरलेलं लेबल माझ्या प्लास्टरवर डकवलं आणि हुकूम सोडला, उघड. मी म्हटलं, बाबा रे, याची किल्ली डॉक्टरांकडे. मग तो प्लास्टरला गाल लावून बसून राहिला.

तुझा लोभ आहेच; जमलं तर तो घेऊन तूच इकडे ये. दार उघडंच आहे.

तुझी धाकटी