उलटी घडी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! धावपट्टीमागच्या लांब खोलीत आम्ही पोरी पॅराशूटच्या घड्या घालून ती पिशव्यांत भरतो. मला शिकवावं लागलंच नाही. आईच्या शिवणकामात हात बसलेला: डावीकडून उजवीकडे घडी, शेवटी आईची ती दुहेरी गाठ. दादा इथेच वैमानिक. त्याचं पॅराशूट मीच भरणार. आमच्या प्रमुख मावशी म्हणाल्या, भावाचं एवढं जपून भरतेस, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? मी घाबरून सगळी पुन्हा भरली.

९ नोव्हेंबर
गप्पीदास नावाने ओळखला जाणारा वैमानिक सांगत होता, शत्रूच्या हद्दीवर नारिंगी उजेडाचे गोळे पंखाला चिकटून उडत होते. तो वळला की तेही वळायचे. सगळे खो खो हसले. दादाने विचारलं, मग चहा विचारलास की नाही त्यांना?

१२ नोव्हेंबर
गप्पीदास आज उशिरा परतला. वाळवायला त्याचं पॅराशूट उघडलं, तर घडी उजवीकडून डावीकडे. गाठ आईचीच, पण आरशात दिसावी तशी. माझीच चूक समजून मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, झोप काढ जरा.
पण रेशमाला ओला चिखल होता. म्हणजे त्याने उडी मारली होती. मग विमान उतरवून आला तो कोण?

१५ नोव्हेंबर
गप्पीदास बोलत नाही. सगळे हसून झाले की मग हसतो. डाव्या हाताने जेवतो. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, लढाई चालू आहे, बाई. दादा म्हणाला, चिमणे, जिवाला घोर लावून घ्यायची हौसच तुला. उद्या दादाची उड्डाणाची पाळी.

१६ नोव्हेंबर
दादाचं पॅराशूट पुन्हा पुन्हा भरलं. गोळे दिसले तर उडी मारू नकोस, म्हटलं. तो गेल्यावर वाटलं, आणि नाही मारली तर?

१७ नोव्हेंबर
दादा आला. हात हलवला. डावा.
गोळे दिसले का विचारलं. कुठले गोळे, म्हणाला.
पॅराशूट उघडलं. चिखल. उजवीकडून—
माझा दादा कुठल्या शेतात पडलाय?

१८ नोव्हेंबर
मावशी म्हणाल्या, भाऊ सुखरूप आला आणि रडतेस काय, करंटे!
त्या जेवायला गेल्या. तो आत आलाय. चिमणे म्हणाला, अगदी तसंच. आईची घडी विसरलो गं, शिकव ना. टेबलावर रेशीम पसरलंय त्याने.
शिकवली तर यापुढे कुणालाच कळणार नाही. नाही म्हटलं. तो हसला— उशिरा—
समोर बसून माझ्या हाताकडे बघतोय. मी लिहिते तसं त्याचं बोट टेबलावर फिरतंय. डाव्या हाताचं—
थांबला.
आता उजव्या—