दुसऱ्याची भिंत

अप्पा, आज सकाळपासून तुमच्या तंबाखूच्या डबीतला चुना सारखा आठवतोय. मी पाचवीत होते. निबंधाच्या बक्षिसाचं प्रमाणपत्र लावायला मी आपल्या खोलीच्या भिंतीत खिळा मारला होता. तुम्ही मागाच्या कारखान्यातून आलात, केसांत सुताची पिंज तशीच, आणि दारातूनच खिळा पाहिलात. ओरडला नाहीत. पकडीनं तो उपसलात, चिमूटभर चुना बोटावर घेऊन भोक बुजवलंत आणि म्हणालात, "भिंत मालकाची हाय बाळा. आपण फकस्त आत ऱ्हातो." पुढे मालक भाड्याला आले की तुम्ही त्या जागेपुढे उभे राहायचात, चुना भिंतीपेक्षा पांढरा दिसायचा म्हणून.

तुमच्यामागून काही वर्षांनी मालकही गेले. आता त्यांचा मुलगा चाळ बघतो. त्यानं सगळ्यांना तोंडी सांगितलंय, दिवाळीच्या आत खोल्या सोडा, इथे इमारत होणार. भाड्याची पावती कोणाकडेच नाही. तुम्हीही कधी मागितली नाहीत. मी बी.ए. झालेली, म्हणून बोलायचं माझ्यावर आलं. नोटीस लेखी द्या, पावत्या द्या, नव्या इमारतीत आम्हाला परवडेल असं घर द्या, तोवर पाणी तोडू नका. आज संध्याकाळी समाजमंदिरात नगरसेवकांपुढे मला हे मांडायचंय.

परवा मालकांचा मुलगा दारात आला. आई कारखान्यातून आणलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "मावशी, पोरगी लई शिकली की. आता तिलाच खोली शोधायला लावा." आईच्या हातातली घडी तशीच राहिली. कालपासून फक्त आपलाच नळ कोरडा आहे. शेजारच्या विड्या वळणाऱ्या काकू घागर भरून देतात, पण आधी बोळात दोन्हीकडे बघून.

"तू बोल की," त्या म्हणतात, "आमी समदे तुज्या मागं हाव."

"किती मागं, काकू?"

"पार दाराजवळ. चपला घालूनच बसतो की."

आम्ही दोघी हसलो. मग वाटलं, माझ्यामुळे त्यांची खोली गेली, तर विड्यांचं सूप मांडीवर घेऊन त्या कुठे बसतील? तुम्ही असतात तर मला आज जाऊ दिलं नसतं, हे मला माहीत आहे. आईही तेच म्हणते, फक्त तोंडानं म्हणत नाही.

निघायची वेळ झाली. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मी घरोघरी सांगत फिरले, घाबरू नका, इतकी वर्षं राहिलो, आपलाही काही हक्क आहे. आणि तुमचा फोटो अजून पिठाच्या डब्याला टेकून उभा आहे. हार घालताना आईला एका हातानं तो धरावा लागतो. आज सकाळी मी खिळा आणला, काकूंची हातोडी आणली, टोक भिंतीला लावलं. बोळात कोणाची तरी गाडी थांबली. मालकांच्या मुलाची नव्हती. तरी मी हात मागे घेतला, अप्पा. खिळा माझ्या पर्समध्ये आहे.