डोळे कोरलेलं घुबड

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. सीलचं मांस इथेही मिळतं, काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या इकालुइत शहरातल्या दुकानात तुमच्या नावाचं दगडी घुबड पाहिलं. दुकानदारीण म्हणाली, "तुझ्या बापाचंच गं, खाली नाव कोरलंय की!" पण तुम्ही घुबडाला डोळे कधीच कोरत नाही, याला चांगले गरगरीत आहेत. धाकट्या भावाला, जुताईला, फोनवर त्याबद्दल विचारलं, तर विषय बदलून म्हणे, "ताई, तिकडे थंडी कशी आहे?"

बाबा, तुमची नजर गेली का? हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल, तर माझी शंका खोटी. जुताई वाचून दाखवत असेल, तर त्याला म्हणावं, तू कोरलेलं घुबड झक्कास झालंय. पण बापाचं दुखणं बहिणीपासून लपवतात का? शुक्रवारच्या विमानाने येतेय.

तुमची शंकेखोर लेक,
उल्लूरिआक