गोवळकोंड्याची टाळी

१ जानेवारी १९५०, रविवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प: राग बंद.

खरं म्हणजे या संकल्पाची मला गरज नाही. माझा स्वभाव मुळात शांत. काचीगुड्यात हे सगळ्यांना माहीत आहे. एका टांगेवाल्याला माहीत नव्हतं, त्याला काल गचांडी धरून सांगितलं.

विमल नाताळापासून माहेरी आहे. माहेर म्हणजे नामपल्लीला, तिच्या भावाच्या घरी, अनंतकडे. हिला रागावून गेलेली बाई म्हणता येणार नाही. खरी रागावलेली बाई औरंगाबादला मावशीकडे गेली असती. रजनीलाही घेऊन गेली. मुलगी आठ वर्षांची, आईला सोडून राहत नाही.

कारण क्षुल्लक. वरणात मीठ नव्हतं. मी तांब्या भिंतीवर मारला. भिंतीवर. विमल भिंतीपाशी उभी होती हा योगायोग, आणि रजनी तिच्या पदराआड होती हे तर मला दिसलंही नव्हतं. तांब्याला केवढा पोचा आला, त्याची चौकशी कोणी करत नाही.

३ जानेवारी, संध्याकाळ

अनंत आला होता. शाळामास्तर माणूस, घरात कोणी आजारी असल्यासारखा हळू बोलतो. त्याने विमलचा निरोप सांगितला. एक अख्खा दिवस, सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत, चारचौघांत राहून कोणाही माणसावर हात उचलायचा नाही. जमलं तर ती दुसऱ्या दिवशी सामानासकट परत येईल. नाही जमलं तर रजनीचं नाव नामपल्लीच्या शाळेत घालणार.

दिवसही तिनेच ठरवला. बावीस तारखेला नामदेवरावांची टूर आहे. सकाळी अनंतगिरीच्या दऱ्या, दुपारी गोवळकोंड्याची तळघरं, संध्याकाळी परत. नामदेवराव रिटायर झाल्यापासून गळ्यात शिट्टी घालून लोकांना इतिहास दाखवत हिंडतात. अनंतने चौघांच्या जागा धरल्यासुद्धा.

अट अपमानाची आहे. एक दिवस काय, महिनाभर राहून दाखवतो, असं मी अनंतला सांगितलं आणि टेबलावर मूठ आपटली. कप फुटला. कप मुळात फार कडेला ठेवला होता.

७ जानेवारी

विमलचं म्हणणं, हा स्वभाव रझाकारांच्या दिवसांत जडला. यात थोडं तथ्य असावं. म्हणजे दोष इतिहासाचा.

अठ्ठेचाळीस साल आठवतं. गल्लीतून भाले-बर्च्या घेऊन परेड चालायची. ऑफिसात एक जण कमरेला जंबिया लावून माझ्या खुर्चीत बसू लागला. मी स्टुलावर बसून काम केलं. रस्त्यात कोणी टोपी उडवली तर टोपी उचलायची आणि पुढे चालू लागायचं. सगळं गिळलं. घरी येऊन दाराला कडी लावली की मगच माझा आवाज फुटायचा. घरात जे काय झालं ते कडी लावल्यावर झालं, गल्लीला कधी त्रास दिला नाही.

मग पोलिस ॲक्शन झाली. तो जंबियावाला नोकरीवरून गेला. पुढे एकदा अफझलगंजच्या पुलावर भेटला. त्याने सलाम केला. मी त्याच्या कानशिलात भडकावली. त्याच्या एका हातात भाजीची पिशवी होती, ती त्याने खाली ठेवली नाही, दुसरा हात वर केला नाही. मी आणखी एक दिली. फार बरं वाटलं. त्या दिवशी घरी मी कोणाला काही बोललो नाही, हे विमलला आठवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ घेऊन नामपल्लीला जायला निघालो, तोच गल्लीतल्या पोरांचा पतंग माझ्या अंगणात पडला. पोरं दारात येऊन दे दे करू लागली. मी पतंग फाडला, त्यांनी दारात टाकलेली फिरकी पायाखाली मोडली आणि मांजा चुलीत घातला. पोरांना हातही लावला नाही. माझ्या कंट्रोलचा हा पुरावा.

नामपल्लीला विमल दारातच भेटली. गोड बोलली नाही, पण वाईटही बोलली नाही. रजनीने लांबूनच हात पुढे करून तीळगूळ घेतला आणि पळत आत गेली. नमस्कार मात्र आठवणीने केला, तोही लांबूनच. मुलीला मोठ्यांचा आदर आहे. याचं श्रेय मला कोणी देत नाही.

१९ जानेवारी

नामी युक्ती सुचली. हात उचलला जातो कारण तो रिकामा असतो. तेव्हा टूरमध्ये उजव्या हातात छत्री आणि डाव्या हातात टिफिन, दिवसभर. हात मोकळाच नसेल तर उठणार कसा? इतकी साधी गोष्ट शास्त्रकारांना सुचली नाही. थंडीत छत्री कशाला, असं शेजारी हिम्मतरावांनी विचारलं. त्यांना दोन शब्द ऐकवले. मग चार ऐकवले. मग त्यांनी खिडकी लावून घेतली.

२२ जानेवारी, रविवार. उजाडण्यापूर्वी

दूधवाला उशिरा आला. त्याच्या चरवीला लाथ घातली. सूर्य अजून उगवलेला नाही, त्यामुळे अटीत बसत नाही. मन अगदी प्रसन्न आहे.

बसमध्ये

पेन्सिलीने लिहितोय, अक्षर हलतं. विमल आणि रजनी दोन सीट पुढे. रजनी खिडकीशी. शेजारी बस म्हटलं तर विमल म्हणाली, तिला वारं हवंय. माझ्याकडेही वारं होतं.

चेवेळ्याच्या पुढे पंक्चर. ड्रायव्हर गफूर मियाँ चाक काढायला इतका वेळ लावू लागले की मी टायरवर, मडगार्डवर आणि मग दारावर छत्री हाणली. गफूर मियाँ म्हणाले, साब, गाडी कू कायकू मारते, गाडी ने क्या करी तुमकू. लोक हसले. माणसाला मारलं नाही, हे मी सगळ्यांना मोठ्याने दाखवून दिलं. विमल डोंगराकडे बघत होती.

अनंतगिरी, दुपार

जागा सुंदर. हिरव्यागार दऱ्या, एकामागे एक, आणि सकाळचं धुकं अजून तळाशी बसलेलं. नामदेवरावांनी शिट्टी मारून सगळ्यांना कड्यापाशी जमवलं आणि आपल्या मुसीचा उगम इथलाच, असं सांगितलं. पुलाखाली दिसते ती घाण नदी इथे एवढीशी, स्वच्छ वाहते. मला क्षणभर भरून आलं. विमलला ते सांगायला वळलो, तर माकडाने टिफिन उघडून पुऱ्या नेल्या.

पुढचं थोडक्यात. मी माकडाच्या मागे धावलो. छत्रीचे चार तडाखे दगडाला लागले, एक माकडाला. माकड किंचाळलं. त्याच्या पाठीला पिल्लू होतं, हे आधी दिसलं नाही. एका म्हातारीने हनुमंताचं नाव घेऊन कान धरले. छत्री मोडली आणि तिचा वरचा भाग दरीत गेला. नंतर नामदेवराव दरीची माहिती सांगत होते तेव्हा सगळे खालच्या छत्रीकडेच बघत होते. दांडा माझ्याकडे आहे. युक्तीला बाध नाही.

माकड हे माणूस नव्हे. हा मुद्दा मी अनंतला पटवून दिला. तो म्हणाला, हौ भावजी.

गोवळकोंडा, चहाच्या हॉटेलात

तळघरं पाहून झाली. इथे थोडा प्रकार घडला, तो नीट नोंदवतो, नाहीतर नंतर विपर्यास होतो.

जमिनीखाली काळोखी कोठारं आहेत. जिन्याने उतरायचं, भिंत हाताने चाचपायची, वर वटवाघळं. एका कोठडीत नामदेवराव म्हणाले, इथे रामदासांना कैदेत ठेवलं होतं. माझं रक्त उसळलं. समर्थांना इथे डांबलं आणि आपण चणे खात बघतोय? मी तसं बोललो. मागून एक तेलुगू गृहस्थ, व्यंकय्या नावाचे, शांतपणे म्हणाले की हे रामदास भद्राचलमचे, तुमचे ते वेगळे. मी म्हटलं, रामदास एकच. ते म्हणाले, नाही हो, दोन. मी पुन्हा सांगितलं, एकच. काळोखात माझा आवाज मलाच दहा बाजूंनी ऐकू आला, तेव्हा आणखी चढवला. कोणीतरी चला म्हणून माझ्या दंडाला धरलं. कोणीतरी ढकललं. माझं कोपर कुठेतरी मऊ ठिकाणी लागलं.

नेमका तेव्हा अनंतने टॉर्च लावला. व्यंकय्या बरगडी धरून वाकले होते. माझा डावा हात डोक्याच्या वर होता, टिफिनसकट. वटवाघळं अंगावर येऊ नयेत म्हणून तो वर धरला होता.

विमलने व्यंकय्यांना सरळ विचारलं, यांनी मारलं का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विमलमागे उभ्या रजनीकडे पाहिलं. नाही अम्मा, दगड लागला, असं म्हणाले. सच्चा माणूस. रामदासांच्या बाबतीत मात्र चुकतोय.

तेव्हा अट शाबूत आहे. सूर्य बऱ्यापैकी खाली आलाय. जिंकल्यात जमा.

घरी परत

बसमध्ये लिहिलं नाही. आता लिहितो.

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की पार वर, बाला हिसारला ऐकू येते. शत्रू दारात आला की राजाला कळावं म्हणून. टूरचा हा शेवटचा आयटम. नामदेवराव सगळ्यांना घेऊन वर गेले. खाली टाळी वाजवायला त्यांनी मला ठेवलं. म्हणाले, दत्तोपंत, तुमचा हात भारी. वरून ही दस्ती हलवली की वाजवा, आणि खिशातला रुमाल काढून दाखवला.

विमलचे पाय दुखत होते, म्हणून ती आणि रजनी खालीच थांबल्या. नाताळानंतर आम्ही तिघंच असे पहिल्यांदा. रजनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिला दस्ती बघायची होती. विमलने पश्चिमेकडे पाहिलं आणि म्हणाली, उद्या सकाळी टांगा पाठवा. सामान फार नाही.

हे शब्द तिनेच उच्चारले. मी कानांनी ऐकले. मला फार आनंद झाला. नवा तांब्या आणीन, असं म्हणालो.

तेवढ्यात वर दस्ती हलली. मी छत्रीचा दांडा खाली ठेवला. टिफिन खाली ठेवला. दिवसभरात पहिल्यांदा हात मोकळे झाले. भारी आवाज निघावा म्हणून दोन्ही हात चांगले वर नेले.

रजनी खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी, मान गुडघ्यांत. एका क्षणात. ओरडली नाही, रडली नाही. अगदी सराईतपणे बसली. आणि चुकलं नाना, असं म्हणाली. काय चुकलं ते तिला माहीत नव्हतं. मलाही नाही.

विमल आमच्या मधे आली होती. कधी आली ते दिसलं नाही.

मी म्हटलं, अगं टाळी वाजवतोय, टाळी. हात तसेच वर होते, ते खाली घ्यायचं लक्षात आलं नाही. वर दस्ती पुन्हा हलत होती. पुन्हा पुन्हा हलत होती. टाळी राहून गेली.

नामदेवराव खाली आले ते चिडूनच. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर काही ऐकू आलं नाही, लोकांसमोर माझी फजिती केलीत. घुमटात बिघाड असेल, असं मी सांगितलं. विमल रजनीला कडेवर घेऊन बसकडे गेली. आठ वर्षांची मुलगी कडेवर घ्यायचं वय नव्हे.

२३ जानेवारी

सकाळी टांगा पाठवला. ठरल्याप्रमाणे. रिकामा परत आला. टांगेवाला म्हणाला, बाईसाब नक्को बोले.

दुपारी स्वतः गेलो. अनंत दारात उभा राहिला. मी त्याला मुद्देसूद सांगितलं. सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत एकाही माणसावर हात उचलला नाही. व्यंकय्यांची साक्ष आहे. शेवटी हात उचलला तो टाळीसाठी, तेही गाइडच्या सांगण्यावरून. अट शब्दशः पाळली. अनंत म्हणाला, हौ भावजी, पाळली. विमलताईही तेच म्हणते. मग ये म्हणावं, मी म्हटलं. तो म्हणाला, रजनीचं नाव शाळेत घातलंय.

मी हात उचलला नाही. तरी त्याने डोळे मिटले होते.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. नामपल्लीच्या मैदानावर झेंडावंदन. काचीगुड्यातही होतं, पण नामपल्लीचं मैदान मोठं आहे म्हणून तिकडे गेलो.

शाळेच्या मुली रांगेत होत्या. रजनी तिसरी, हातात कागदी झेंडा, नव्या शाळेचा फ्रॉक. झेंडा वर गेला. मुलींनी गाणं म्हटलं. रजनीचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता, पण तोंड पूर्ण उघडत होतं. गाणं संपलं आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवू लागलं. तिने मान वळवली आणि गर्दीत मी तिला दिसलो.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. तिने आणखी थोडा वेळ पाहिलं. मग समोर बघून झेंडा हलवू लागली. टाळ्या संपेपर्यंत मी हात खिशातच ठेवले.

थंडी होती. शेजारच्या माणसाने कोट काढून खांद्यावर टाकला होता आणि तो दस्तीने मान पुसत होता, पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते.