थंड इंजिनाचा आवाज

पुणे,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना चेतनचा नमस्कार.

तब्येत बरी असेल. संत्र्याचा तोडा सुरू झाला असेल, आणि निम्म्या मोहगावचे पंप तुमच्या दुकानासमोर येऊन पडले असतील. पांढुर्ण्याहून आणलेलं कानाचं मशीन तुम्ही कपाटातच ठेवता, असं आई सांगत होती. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. या पत्राचा फोटो आपल्या सुचिताच्या मोबाइलवर पाठवतो, ती दाखवेल.

आमच्या वर्कशॉपला एक इटालियन गाडी आली आहे. काय चीज आहे, बाबा! बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या पाठीशी. तीन सेकंदांच्या आत शंभरचा वेग. मिनिटाला साडेआठ हजार फेरे. आपला पंप पंधराशेवरच थरथरतो. वळणावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून तेलाची टाकीच वेगळी ठेवली आहे. परवा, शनिवारी गाडीचे मालक ती ट्रॅकवर नेणार. शेजारी त्यांची मुलगी धनश्री बसणार, अकरावीतली. काल येऊन विचारून गेली, "काका, तीनशेवर जाईल ना?" मी म्हटलं, जाईल.

जेवायची सुट्टी आहे. डबा उघडून बाजूला ठेवलाय आणि हे लिहायला बसलोय.

मंगळवारी सकाळी थंड इंजिन सुरू केलं तेव्हा डाव्या बाजूने टकटक आली. गरम झाल्यावर गेली. लॅपटॉपवर सगळं हिरवं. मी पेटीतून तुम्ही दिलेला लांब पेचकस काढला, टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली. आवाज झिजलेल्या बेअरिंगचाच होता. यशवंतरावांच्या पंपाचा होता, अगदी तसाच. वर्कशॉपचे साहेब हसले. म्हणाले, "हा काय विहिरीवरचा पंप आहे? स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला कुणी शिकवलं तुला?"

मी म्हटलं, इंटरनेटवर पाहिलं होतं.

आणि त्यांच्याबरोबर हसलोसुद्धा. पेचकस पेटीत टाकला आणि गाडी ठीक असल्याच्या कागदावर सही केली.

यशवंतराव पंप आत्ताच द्या म्हणून दुकानात उभे राहून ओरडत होते, आठवतं? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुम्ही बोंबलून राहिले, इंजिनही बोंबलून राहिलं. मी आधी इंजिनाचं ऐकतो." बेअरिंग बदलेपर्यंत दोन दिवस पंप दिला नाहीत. असली इंजिनं ऐकता ऐकता तुमचे कान गेले, आणि माझे धडधाकट असून मी गप्प बसलो. लाज वाटते, बाबा. तीनशेच्या वेगात बेअरिंग जाम झालं, इंजिन फुटून तेल मागच्या टायरवर आलं, तर त्या पोरीचं काय होईल?

तुमच्या उत्तरासाठी थांबत नाही, ते मला ठाऊक आहे. डबा झाकून साहेबांकडे जातोय. सही मागे घेतो. उद्या सकाळी इंजिन थंड असताना पेचकस त्यांच्याच कानाला लावतो. पुन्हा विचारतील, कुणी शिकवलं. या वेळी सांगेन: हिरामण मिस्त्री, मोहगाव, तालुका सौसर.

नोकरी गेली तर घरी येईन. आईला आधी सांगू नका.

तुमच्याच दुकानात शिकलेला,
चेतन